वरातीतली तलवार आणि गाडीच्या सीटखालची तलवार

तुमचे प्रश्न दोन आहेत. भाच्याची वरात चंदगडहून बेळगावात येणार, तेव्हा त्याच्या हातात आजोबांची तलवार द्यावी का? आणि रात्री परतताना दागिने सोबत असतील, म्हणून तीच गाडीत सीटखाली ठेवावी का?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो: ठेवू नका. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण तो अंगावर आलेल्या प्रसंगापुरता आणि गरजेपुरताच. शस्त्र बाळगून फिरायला तो परवाना नव्हे. शिवाय गाडीत अडीच-तीन फुटांचे पाते उपसायला जागाच नसते, पहिला वार शेजारी बसलेल्या आपल्याच माणसाला लागतो. दोन गाड्या मिळून निघा, आणि काही वेगळे वाटले तर ११२ लावा.

आता वरातीचे. २०१६ च्या शस्त्र नियमांत तलवार आणि खंजीर ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. ‘शोभेची आहे, धार नाही’ एवढ्याने भागत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा सूट देतो ती निव्वळ खेळणे असलेल्या आणि ज्याचे पुढे शस्त्र करता येणार नाही अशा वस्तूला. बोथट पोलादाला मात्र कानस मारली की धार येते. त्यात आपला भाग सीमेवरचा. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीपर्यंत कोणी हटकले नाही म्हणून पुढे बेळगावात चालेल असे नाही. शहरात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदीचा आदेश पोलीस आयुक्त काढतात, बाहेर तालुक्यांत डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी. म्हणून आठ दिवस आधी मार्ग, वेळ आणि वस्तूचा फोटो जोडून कन्नडमध्ये अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. घरात ठेवण्याचा नियमही भागाभागाच्या अधिसूचनेवर ठरतो, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

पण परवानगी मिळाली तरी जुनी तलवार नाचवायला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कारण मुठीत आहे. पात्याच्या मागची निमुळती दांडी मुठीच्या पोकळीत घालून भोवती तापलेली लाख भरलेली असते. वर्षानुवर्षांनी ती लाख कोरडी होऊन भुगा होते. बाहेरून काहीच कळत नाही, आणि हलगीच्या तालावर हात वर गेला की पाते मुठीतून सुटून गर्दीत जाते. मूठ घट्ट धरून पात्याच्या पाठीवर, म्हणजे बिनधारेच्या बाजूवर, दुसऱ्या हाताच्या मुठीने हलके ठोका. आत खडखड झाली किंवा तळहाताला किंचित हालचाल जाणवली, तर ती तलवार पूजेलाच राहू द्या. बाजारातली शोभेचीही भरवशाची नसते. तिच्यात बऱ्याचदा बारीक सळई वेल्डिंग करून लावलेली असते आणि ती नेमकी जोडावर तुटते.

पूजेसाठी काढतानाही बोटे सांभाळा. म्यान म्हणजे दोन लाकडी फळ्या आणि वर मखमल. धारेच्या बाजूचा सांधा उकललेला असू शकतो. म्यानाच्या तोंडाला मूठ आवळून पाते ओढले, तर धार मखमलीतून थेट बोटांवर येते. म्यान पाठीच्या बाजूने धरा, बोटे धारेकडे वळवू नका.

ओले हळदकुंकू पात्यावर तसेच ठेवून म्यानात सारले की आठवड्यात तांबडे ठिपके दिसतात. सुती कापडाने कोरडे पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. चिंच, पितांबरी पितळी मुठीपुरती. पावसाळ्यात पाते म्यानाबाहेर, कोरड्या कापडात ठेवा, कारण आपल्याकडच्या पावसात म्यानाचे लाकूड ओल धरते.

भाच्यासाठी लाकडी पात्याची तलवार करून घ्या. पाते म्यानात सरकवून तोंडापाशी दोन्ही बाजूंनी स्क्रू मारा, म्हणजे कोणी उत्साहात उपसू शकणार नाही. फोटोत फरक कळत नाही. मांडवात नवरदेवाच्या हाती कट्यार द्यायची रीत असेल तर तीही लाकडीच घ्या, कारण खंजिराचा नियम तिलाही लागू होऊ शकतो. टोकाला खोचायचे लिंबू हिरवट, टणक निवडा आणि टोक इंचभर आत जाऊ द्या. पिकलेले लिंबू मंगलाष्टके संपायच्या आत गळू लागते, आणि रस पात्यावरून मुठीत उतरतो.