मुलगी अभिनय शिकते, नातेवाइकांसाठी एमबीए करते!

प्रश्न : मुलगी लॉस एंजेलिसला अभिनयात मास्टर्स करते आहे. जीपीए 3.82. मे महिन्यात संपेल. गातेही, स्वतःच्या शॉर्टफिल्मही करते, म्हणजे तीन डगरींवर पाय. आता कॉम्प्युटरमध्ये एमएस करावं, एच-वन-बी या अमेरिकेतल्या कामाच्या व्हिसावर नोकरी धरावी आणि शनिवार-रविवारी हवा तेवढा अभिनय करावा, असं आम्हाला वाटतं. नातेवाइकांना ती एमबीए करते असंच सांगितलं आहे. तिला समजवाल का? – एक वडील

उत्तर : नमस्कार. समजवायला हवं, पण तिला नव्हे. ते एमबीएचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच अडकलो. सुट्टीत ती घरी येते तेव्हा मामा-काकांसमोर तिलाही एमबीएवालीच व्हावं लागत असणार. उद्या तिला पहिली भूमिका मिळाली तर पेढे कुणाला वाटणार आहात? तिच्या अपयशाची सोय तुम्ही करून ठेवलीत, यशाची नाही.

आता ते शनिवार-रविवारचं. एच-वन-बी ज्या कंपनीने अर्ज केला तिच्या कामापुरताच असतो. दुसरीकडे पैसे घेऊन काम करायचं, तर त्या दुसऱ्या मालकाचाही वेगळा अर्ज लागतो. रविवारी एखाद्या जाहिरातीत दोन वाक्यं बोलून मानधन घेतलं तरी नियम मोडला. शिवाय वर्षाला 85,000 व्हिसांची मर्यादा, म्हणजे आधी सोडतीत नंबर लागायला हवा. तुमचा हा सुरक्षित रस्ता तिच्या अभिनयाला बाहेरून कडी घालतो.

तिचा रस्ता वेगळा आहे. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, 12 महिने; त्यात कामाविना एकूण 90 दिवसांच्या वर राहता येत नाही. मग ओ-वन-बी, म्हणजे कर्तबगार कलाकारांचा व्हिसा. याला सोडतीची अट नाही, आणि अर्ज एजंटमार्फत करता येतो, त्यामुळे वेगवेगळ्या निर्मात्यांची कामं एकाच अर्जात बसतात. पुरावे मात्र भक्कम लागतात : महत्त्वाच्या भूमिका, परीक्षणं, पुरस्कार, जाणकारांची पत्रं. चित्रपट-टीव्हीसाठीचा निकष रंगमंच आणि गाण्यापेक्षा कडक. म्हणून तिचं गाणं फालतू समजू नका. कोणत्या कामावर अर्ज उभा करायचा, हे इमिग्रेशन वकिलाला पदवीच्या आधीच विचारावं.

आणि परदेशी उच्चारांच्या नवख्या मुलीला मोठी भूमिका देणार कोण? बऱ्याचदा तिची तीच. अभिनेते कुमैल नानजियानी कराचीहून अमेरिकेतल्या आयोवात शिकायला आले, पदवी कॉम्प्युटर सायन्स आणि तत्त्वज्ञानाची. (खूश होऊ नका, पुढे वाचा.) त्यांना चित्रपटाचा नायक केलं ते पत्नीबरोबर स्वतः लिहिलेल्या पटकथेने. 2018 मध्ये त्या पटकथेला ऑस्करचं नामांकनही होतं.

तुम्ही जीपीए दोन दशांश स्थळांपर्यंत कळवलात. तिच्या एकाही शॉर्टफिल्मचं नाव पत्रात नाही. पाहिली आहे का एखादी? नसेल, तर आज रात्री फोन करून लिंक मागा. व्हिसाचं बोलणं त्यानंतर.