सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींत पाप ही खाजगी बाब होती का?

‘पाप हा माणूस आणि देव यांच्यातला मामला, मग चारचौघांत प्रायश्चित्त कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. पहिल्या तीन-चार शतकांत मोठं पाप हा पंगतीचा प्रश्न होता. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीत वाटली जाणारी भाकर कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, हे त्यावर ठरे.

ग्रीक ‘हामार्तिया’चा मूळ अर्थ नेम चुकणं. पण येशूच्या अरामी भाषेत पापाला ‘कर्ज’ म्हणत, म्हणून तर मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी बायबलही ‘ऋण’ म्हणतं. कर्ज आलं की फेड आली.

रोजची किरकोळ पापं प्रार्थना, उपास आणि दानधर्मानं फिटत. मूर्तिपूजा, खून आणि व्यभिचार यांचं तसं नव्हतं. बाप्तिस्म्यानं आधीचं सगळं धुतलं जाई, त्यानंतर मात्र मोठ्या प्रायश्चित्ताची संधी आयुष्यात एकदाच. त्या धास्तीनं पुष्कळ जण बाप्तिस्माच लांबणीवर टाकत.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली इ.स. २५० मध्ये. रोमन सम्राट डेसियसनं सर्वांना देवांना बळी अर्पण करण्याचा हुकूम काढला. इजिप्तमध्ये त्या वेळचे दाखले पपायरसवर सापडले आहेत. त्यांचा मजकूर साचेबंद: मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो आहे, आताही तुमच्यासमोर पेय ओतलं, बळीचं मांस चाखलं, तसा दाखला द्यावा, खाली साक्षीदाराची सही. काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, तर काहींनी बळी न देताच पैसे चारून नुसता दाखला मिळवला.

छळ ओसरल्यावर हे सगळे परत दारात. तुरुंगवास सोसलेले लोक त्यांना शिफारसपत्रं देऊ लागले, त्यांतली काही तर ‘अमुक आणि त्याच्या माणसांना घ्यावं’ इतकी मोघम. ‘त्याची माणसं’ म्हणजे किती, वीस की तीस? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन यावर वैतागला. (तो स्वतः छळाच्या काळात लपून बसला होता, हे विरोधकांनी त्याला ऐकवलंच.) २५१ च्या सभेत ठरलं की नुसता दाखला घेणाऱ्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यावं, प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना मरणाच्या वेळी. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांनाच घेतलं. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू ‘कोणालाच नको’ म्हणत वेगळा झाला.

चौथ्या शतकात आशिया मायनरमधला बिशप बॅसिल याच्या पत्रांत तर हिशेबच आहे. जाणूनबुजून खून केला तर २० वर्षं: ४ दाराबाहेर रडत, ये-जा करणाऱ्यांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणत, ५ आत येऊन फक्त वाचन ऐकायचं, ७ गुडघे टेकणाऱ्यांत, ४ सर्वांबरोबर उभं राहायचं, पण भाकर नाही. व्यभिचाराला १५.

याला वाळीत टाकणं म्हणता येईल, पण अर्धंच. वाळीत टाकलेल्याशी गाव बोलत नाही. इथे त्याच्यासाठी प्रार्थना करणं हे मंडळीचं काम होतं.

एवढी कडक आणि तीही एकदाच मिळणारी संधी म्हटल्यावर लोक ती म्हातारपणापर्यंत, पुढे मरणापर्यंत राखून ठेवू लागले, आणि पद्धत आतूनच रिकामी झाली. आज तुम्ही कॅथलिक चर्चमध्ये बघता ती खाजगी, पुन्हा पुन्हा करता येणारी कबुली मुख्यतः आयर्लंडच्या मठांकडून सहाव्या शतकानंतर युरोपात पसरली. तिथे कोणत्या पापाला किती दिवस कोरडी भाकर आणि पाणी, याची पुस्तकंच असत.