बाबांना पुण्याला न्यायचं की कट्ट्यावरच राहू द्यायचं?

प्रश्न : मावशी, नमस्कार. माहेर माझं बेळगावचं शहापूर, जॉब पुण्यात, वय ३१. आई जाऊन दोन वर्षं झाली, बाबा सत्तरीचे, घरात एकटेच. दिवाळीला आणलं तर नवव्या दिवशी बॅग भरून बसले. म्हणाले, "हितं माझं कोण हाय गं?" मग मी कोण? लई लागलंय मनाला.

उत्तर : लागणारच की गं. पण त्यांचा दिवस जरा डोळ्यासमोर आण. तू नऊला लॅपटॉप उघडणार, रात्री आठला मिटणार आणि मग विचारणार काय, तर बीपीची गोळी घेतली का, जेवलात का. काळजीच ती, पण त्यात गप्पा कुठायत? तिकडं शहापुरात पाच वाजता कट्ट्यावर चौघं जमतात, एकजण मराठी पेपर वाचतो, दुसरा कन्नड पेपरातलं सांगतो, सीमाप्रश्नावरनं भांडण, मग चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरनं परत भांडण, आणि साडेपाचपर्यंत एखादा दिसला नाही की लगेच फोन, "काय ओ, बरं हाय न्हवं?"

मनचं नाही सांगत. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे विल्यम चॉपिक यांनी २०१७ साली शंभरेक देशांतल्या २ लाख ७१ हजार लोकांची माहिती तपासली. घरच्यांना जपणारे काय नि मित्रांना जपणारे काय, दोघंही जास्त समाधानी निघाले, पण उतारवयात तब्येतीशी नि आनंदाशी घट्ट जोडलेली दिसली ती मैत्री. मला तरी नवल वाटलं नाही, नातलग मिळतात तसे घ्यावे लागतात, दोस्त मात्र चाळून चाळून उरलेले असतात. अर्थात तब्येत धड असते म्हणूनच माणूस कट्ट्यापर्यंत चालत जातो असंही असेल, आणि त्यांच्याच दुसऱ्या पाहणीत मित्रांशी कटकट असणाऱ्यांना जुनाट आजार जास्त दिसले, तेव्हा कट्टा म्हणजे काय औषधाची बाटली नव्हे.

हट्ट सोड, पण बाबांना वाऱ्यावरही सोडू नकोस. घराची एक किल्ली शेजारी ठेव, कट्ट्यावरच्या दोघा काकांचे नंबर घे, गावी आलीस की कुंद्याची मिठाई घेऊन थेट तिथंच जा. आणि तुझं काय गं? साडेपाचला तू दिसली नाहीस तर पुण्यात फोन कोण करतं? पत्रात एकाही मैत्रिणीचं नाव नाही.

आज रात्री बाबांना फोन लावशील तेव्हा गोळीचं शेवटी विचार, आधी विचार की आज चहाचे पैसे कुणी दिले.