व्हॅन आर्ट टूर जिंकेल का, आणि तू किलो उतरवावेत का

अगं,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला, व्हॉइस नोटपण ऐकली, त्यात ऐरोलीच्या सिग्नलचे हॉर्न जास्त आणि तू कमी ऐकू येत होतीस, पण मुद्दा कळला. खरं तर प्रश्न दोन आहेत तुझे. एक, वाऊट व्हॅन आर्टसारखा सगळंच जमणारा सायकल रायडर टूर डी फ्रान्स, म्हणजे ती तीन आठवड्यांची रेस, जिंकू शकतो का. दुसरा शेवटच्या दोन ओळींत दडलाय, ग्रुपमधल्या कोणीतरी सांगितलंय की पाच किलो उतरव म्हणजे चढावर सुटशील, नाहीतर तुझं एक ना धड भाराभर चिंध्या होणार, आणि तू रात्रीचं जेवण बंद केलंयस. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, आज रात्री जेव. बाकीचं सावकाश सांगते.

व्हॅन आर्टबद्दल तू म्हणतेस ते खरंच आहे, असा माणूस आत्ताच्या काळात विरळाच. २०२१ च्या टूरमध्ये त्याने माँ व्हाँतूचा डोंगर दोनदा चढायचा होता ती स्टेज, म्हणजे त्या दिवसाची रेस, जिंकली, मग शेवटून दुसऱ्या दिवशी टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाशी शर्यत, जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसला शाँझेलिझेवर स्प्रिंट मारून तीपण घेतली. डोंगर, घड्याळ, स्प्रिंट, तिन्ही एका टूरमध्ये. २०२२ ला पॉइंट्सची ग्रीन जर्सी घेतली, आणि ओटाकामच्या चढावर दिवसभर पुढे पळून झाल्यावर स्वतःच्या टीमच्या विंगेगारसाठी असा काही पेस लावला की त्याचा प्रतिस्पर्धी पोगाचार मागे पडला. हे बघून कोणालाही वाटणारच की हा स्वतःसाठी का नाही खेळत. मलाही तेव्हा वाटलं होतं, सगळ्या ग्रुपवर तोच वाद चालू होता.

पण तू एक गोष्ट बघ, २०२१ ला तीन स्टेज जिंकूनही ओव्हरऑलमध्ये (सगळ्या स्टेजचा मिळून वेळ, त्यालाच जीसी म्हणतात) तो पहिल्या दहातसुद्धा नव्हता. कारण आपल्याला टीव्हीवर त्याचा जो दिवस दिसतो ना तो त्याने निवडलेला दिवस असतो. ज्या दिवशी त्याचं काम नाही त्या दिवशी तो शेवटच्या चढावर आरामात मागे पडतो, स्प्रिंटरांच्या घोळक्यात टाइम कटच्या आत, म्हणजे बाद होणार नाही इतक्या वेळात, फिनिश करतो, वीस-पंचवीस मिनिटं गेली तरी बिघडत नाही, आणि पाय वाचतात. जीसी खेळणाऱ्याला ही चैन नाही. एकवीस स्टेज, मध्ये दोन रेस्ट डे, आणि त्यात एकही दिवस सुट्टी घ्यायची नाही. म्हणजे ओटाकामला त्याने जे केलं ते त्याच्या ताकदीचं माप आहेच, पण तेवढ्यावरून तो जीसीत काय करेल ते कळत नाही.

अलाफिलिप आठवतोय का? नसेल, तू तेव्हा शाळेत असशील. २०१९ ला तो असाच एक दिवसाच्या रेसेसचा राजा, कोणाला अपेक्षा नव्हती आणि चौदा दिवस ओव्हरऑलमध्ये पुढे असणाऱ्याची यलो जर्सी त्याच्या अंगावर राहिली, अख्खा फ्रान्स वेडा झाला होता. मग आल्प्समध्ये इझराँच्या चढावर गेली, शेवटी पाचवा. ड्युमुलाँचं २०१५ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या टूरमध्ये, अजून वाईट, शेवटून दुसऱ्या स्टेजला तिथली लीडरची रेड जर्सी घालून निघाला आणि संध्याकाळी सहावा. नंतर २०१७ ला त्याने इटलीची जिरो जिंकली म्हणा, पण मुद्दा हा की अठरा-एकोणीस दिवस ग्रेट असून भागत नाही.

आता वजनाचं. तू वॅट्सचं, म्हणजे पायांच्या ताकदीचं, विचारलंस म्हणून आकड्यातच सांगते. पाम बीच रोडवर आपण सपाटीला चालवतो तेव्हा भांडण हवेशी असतं, तिथे नुसते वॅट्स बोलतात, मोठ्या बॉडीच्या रायडरला उलट फायदा, खाडीवरून समोरचा वारा आला की तुलाही हेच जाणवत असेल, ती बारीक पोरं तुझ्या मागे लपतात. चढ आला की भांडण गुरुत्वाकर्षणाशी, तिथे किलोमागे किती वॅट्स ते बघायचं. मोठ्या घाटात पुढच्या लोकांबरोबर राहायचं तर किलोला सहाच्या आसपास किंवा वर, आणि तेही अर्धा-पाऊण तास. विंगेगार साधारण साठ किलोचा, त्याला त्यासाठी ३६० वॅट लागतात. व्हॅन आर्ट अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, त्याला ४६८. म्हणजे शंभरावर वॅट जास्त, तेवढी जास्त उष्णता अंगातून बाहेर टाकायची, तेवढं जास्त खायचं, आणि उद्या परत तेच. सगळी सोंगं आणता येतात गं, चढावर वजनाचं आणता येत नाही. एक दिवस तो ते करतो. सहा-सात डोंगरी स्टेजमध्ये रोज? मला नाही वाटत, आणि उंची सहा फूट तीन इंच असलेल्या माणसाने दहा किलो उतरवले तर त्याची स्प्रिंट जाईल, टाइम ट्रायलची ताकद जाईल, मग राहिलं काय.

तुझ्या त्या मित्राने इंदुराइनचं नाव काढलं ते बरोबर आहे, इंदुराइनपण जवळपास ऐंशी किलोचा आणि १९९१ ते ९५ सलग पाच टूर. पण तेव्हाचा टूर बघ की. १९९२ ला लक्झेंबर्गला एकच टाइम ट्रायल ६५ किलोमीटरची होती, तिथेच त्याने बाकीच्यांना तीन मिनिटं आणि त्याहून जास्त मागे टाकलं, मग डोंगरात फक्त सांभाळायचं. २०२५ च्या टूरमध्ये काँ शहरातली सपाट टाइम ट्रायल ३३ किलोमीटर, आणि दुसरी जी होती ती थेट डोंगरावर चढणारी. रूट असा असेल तर मोठ्या माणसाने वेळ कमवायचा कुठे?

मग ऑलराउंडरला जमतच नाही का, तर जमतं, पण कोणाला जमलं ते बघ. विगिन्स आणि जेरेंट थॉमस दोघंही ट्रॅकवरचे ऑलिम्पिक गोल्डवाले. थॉमसने तर २०१५ ला बेल्जियमच्या कॉबल्सच्या, म्हणजे दगडी रस्त्यांच्या, भागातली ई-थ्री हारेलबेके जिंकली होती, आणि टूर २०१८ ला, बत्तिसाव्या वर्षी. मधली वर्षं काय केलं, तर हळूहळू बाकीचं सोडत गेला. पिडकॉकचं वेगळं, माउंटन बाइकची दोन ऑलिम्पिक गोल्ड, सायक्लोक्रॉसचा (चिखलातल्या सायकल रेसचा) वर्ल्ड चॅम्पियन, २०२२ ला टूरमध्ये आल्प द्युएझच्या चढाची स्टेज जिंकला, तरी बरीच वर्षं लोक म्हणत होते तीन आठवडे याला झेपत नाहीत, आणि २०२५ च्या व्हुएल्टात तिसरा आला. पण तो मुळात अठ्ठावन्न किलोच्या आसपास, त्याला उतरवायचं काहीच नव्हतं, त्याला टीम हवी होती जी त्याच्यासाठी खेळेल, आणि वेळ. पोगाचारला लोक ऑलराउंडर म्हणतात ते मला पटत नाही, तो डोंगरातला माणूस आहे जो फ्लँडर्सची एक दिवसाची रेसपण जिंकतो, उलटा प्रवास आहे तो, आणि तो सोपा पडतो असं माझं मत.

आता तुझ्यासाठी यातलं सगळ्यात जवळचं नाव, जे तू मेसेजमध्ये घेतलंच नाहीस आणि मला जरा राग आला. पॉलिन फेरां-प्रेव्हो. २०१५ मध्ये रोड, सायक्लोक्रॉस आणि माउंटन बाइक तिन्हींची वर्ल्ड टायटल्स एकाच वेळी हिच्याकडे होती. २०२४ ला पॅरिसमध्ये माउंटन बाइकचं ऑलिम्पिक गोल्ड. मग रोडवर परत आली, २०२५ च्या एप्रिलमध्ये कॉबल्सवरची पॅरिस-रुबे जिंकली, आणि ऑगस्टमध्ये मादलेनच्या डोंगरावर एकटी सुटून टूर डी फ्रान्स फाम, म्हणजे बायकांची टूर. कॉबल्स आणि आल्प्स एकाच सीझनला. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो, एका बाईने ते करून दाखवलंय, नऊ दिवसांच्या रेसमध्ये का होईना.

पण तिने रुबेनंतर टूरसाठी चार किलो उतरवले, आणि जिंकल्यावर स्वतःच सांगितलं की हे शंभर टक्के हेल्दी नाही, असं कायम राहायचं नाही. दुसऱ्या आलेल्या डेमी वोलरिंगने जाहीर सांगितलं की मला इतकं बारीक व्हायचं नाहीये. दोघींमध्ये बरोबर कोण ते मी ठरवणार नाही. पण तेव्हा तेहतीस वर्षांची ती, पगारी डॉक्टर आणि न्यूट्रिशनिस्ट हाताशी, एका ठरलेल्या तारखेसाठी ठराविक आठवडे, आणि एकोणीस वर्षांची तू, कॉलेज, ट्रान्सहार्बरची गर्दी, पहाटे साडेचारला उठून दोन बिस्किटांवर येऊरचा चढ, हे एक नाही.

ऐक नीट. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी अशा गोष्टी बंद करतं ज्या त्याला ऐनवेळी गरजेच्या वाटत नाहीत. त्याला रेड-एस म्हणतात, ऑलिम्पिक कमिटीने २०१४ मध्येच हे नाव दिलं, मुलांनापण होतं. पाळी लांबली किंवा गेली तर आपल्या ग्रुपमधल्या बायकासुद्धा "बरं झालं, कटकट गेली" म्हणतात, तसं तू म्हणू नकोस, त्या महिन्यातच मला सांग आणि डॉक्टरकडे जा. हाडं तुझी अजून भरतायत, ते नंतर भरून निघत नाही. आणि गंमत म्हणजे वॅट्सही जातात, आधी दोन-तीन आठवडे वजन उतरल्याने चढावर मस्त वाटतं, त्यालाच सगळे फसतात.

प्रो लोक हल्ली रेसमध्ये ताशी ९० ग्रॅम आणि त्याहून जास्त कार्ब्स खातात. म्हणजे तासाला तीन-चार केळी, समजतंय का. तुझ्या जर्सीच्या खिशात रविवारी मी एक राजगिऱ्याची वडी बघितली, तीपण उतरताना अख्खी परत आणलीस.

तर तू काय आहेस ते बघायचं कसं. येऊरचा किंवा खारघर हिलचा तुझा टाइम घेऊन काही कळणार नाही, ते चढ संपतात तेव्हा खरं कुठे सुरू होतं, तिथे नुसत्या पंचवर, म्हणजे थोड्या वेळाच्या जोरावर, भागतं आणि पंच तुझ्याकडे आहेच. सलग तीन दिवस चालव. पहिला दिवस लांब, दुसरा घाटाचा, तिसरा परत घाटाचा, आणि तिसऱ्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासाचे वॅट्स पहिल्या दिवशीशी ताडून बघ, पोटभर जेवून, झोपून. जीसीचा रायडर त्या आकड्यात दिसतो, एका दिवसाच्या बेस्ट टाइममध्ये नाही. आकडा पडला तर दुःख करू नकोस, मग तू क्लासिक्सवाली, एक दिवसाच्या रेसची, आहेस, आणि मला विचारशील तर रुबे बघायला जास्त मजा येते टूरपेक्षा, पण ते माझं.

लांब चढ आपल्याकडे जवळ नाही हा प्रॉब्लेम आहे. माझ्या डोक्यात आंबेनळी आहे, पोलादपूरहून महाबळेश्वर. आल्प द्युएझपेक्षा चढ सौम्य, पण जवळजवळ समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर नेतो, एकाच गिअरमध्ये बसून स्वतःचं डोकं खायला पुरेसा वेळ मिळतो. आत्ता नाही, पावसात तिथे दरडी येतात आणि धुक्यात समोरची एसटी दिसत नाही. दिवाळीनंतर जाऊ. माझा भाऊ गाडी घेऊन मागे येईल, तू फक्त घरी आधी विचारून ठेव, आईशी मी बोलते हवं तर. मागची कॅसेट (गिअरची चक्रं) अठ्ठावीस दात्यांची आहे ना तुझी? बत्तीस किंवा चौतीसची टाकून घे, डिरेलर लांब केजचा लागेल का ते दुकानात विचार, आणि बिल बघून घाबरलीस तर माझ्याकडे जुनी एक पडलीये.

तुझी,
ताई