एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, एकही सुपरस्टार नसलेला संघ विजेता झालाय का? आमच्या कॉलेजच्या संघातही कोणी स्टार नाही, म्हणून विचारतोय.

झालाय. डेट्रॉइट पिस्टन्स, 2003-04. आणि ते नशिबानं झालं असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. त्यात आमचे साडूभाऊ पहिले.

मी तेव्हा मिशिगनमध्ये ट्रॉयला होतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. साडू लॉस एंजेलिसचे, ऐन फायनलच्या वेळी सुट्टीला आमच्याकडे आलेले. त्यांच्या लेकर्सकडे शॅक, कोबी, कार्ल मलोन, गॅरी पेटन, सगळे बडे स्टार. आमच्याकडे बेन वॉलेस, ज्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. चॉन्सी बिलप्स, ज्याला एकेक संघ सोडून देत आला. नाकावर पारदर्शक मास्क लावून खेळणारा रिप हॅमिल्टन, काटकुळा टेशॉन प्रिन्स आणि फेब्रुवारीत आलेला तापट रशीद वॉलेस. रशीद आल्यावर संघ 26 पैकी 20 सामने जिंकला, मार्चमध्ये तर ओळीनं 5 संघांना 70 गुणांच्या आत रोखलं. साडूंना हे सांगितलं तर म्हणाले, "अहो, ते किरकोळ संघ."

फायनल म्हणजे सात सामन्यांची मालिका, आधी चार जिंकेल तो विजेता. पहिला सामना पिस्टन्सनं मारला. दुसऱ्यात 2.1 सेकंद उरलेले असताना कोबीनं तीन गुणांचा फटका टाकून बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये लेकर्स जिंकले. साडू सोफ्यावर उभे! "तुमचे मजूर दमले, आता पुढचे तिन्ही आमचे." मेहुणीनं हात धरून खाली बसवलं त्यांना.

तिसरा सामना ऑबर्न हिल्सला, पिस्टन्सच्या घरच्या मैदानावर. त्या दिवशी मी बॉलकडे कमी आणि प्रिन्सकडे जास्त बघत होतो. तो कोबीला चिकटत नव्हता. अर्धं पाऊल मागं राहायचा आणि कोबी उडाला की तो लांबलचक हात बरोब्बर डोळ्यांसमोर. कोबीचे गुण 11. लेकर्सचे सगळे मिळून 68. "रेफ्री विकलेत," साडूंचं सुरू झालं. पिस्टन्सचे कोच लॅरी ब्राउन यांचा हिशोब साधा होता: शॅकला डबल टीम करायचं नाही, म्हणजे त्याच्यावर दोघं घालायचे नाहीत, त्याला घेऊ देत काय गुण घ्यायचेत ते, बाकीच्यांना उपाशी ठेवा. पुढचे दोन्ही सामनेही पिस्टन्सचेच, मालिका 4-1. फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, बिलप्स.

हं, मलोनचा गुडघा दुखावला होता, शेवटचा सामना तो खेळलाच नाही, हे खरं. पुढच्या वर्षी पिस्टन्स फायनलला सातव्या सामन्यात स्पर्स या संघाकडून हरले, हेही खरं. शिवाय 2004 नंतर हात लावून अडवण्याचे नियम कडक झाले, त्यामुळे आज तसा बचाव जमणं अवघड. आणि वीस वर्षांत असं उदाहरण शोधूनच काढावं लागतं.

तुमच्या कॉलेजचं म्हणाल तर बचाव घोटून घ्या, आणखी काय सांगू? पण कोणी "मलोन धड असता तर" म्हणालं, तर त्याला विचारा: मलोन धड असता, तर कोबीसमोरचा प्रिन्सचा हात खाली आला असता का? आमच्या साडूंकडे याचं उत्तर अजून नाही, आणि ते हे वाचतात.