पोकलेनचा सेन्सर दोनदा बदलला, तरी कोड तोच!

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. देवगड तालुक्यात आमची चिरेखाण आहे. मार्चमध्ये वीस टनी पोकलेन सेकंडहँड घेतली. सकाळी गाडी मस्त चालते, पण दोनेक तास झाले की आरपीएम खाली येतो, बूम (पुढचा मोठा हात) उचलत नाही आणि स्क्रीनवर बिघाडाचे एकदम तीन कोड येतात, रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारा पाइप) प्रेशर, ऑइल प्रेशर आणि टर्बोच्या बूस्टचा, म्हणजे हवेच्या दाबाचा. मेकॅनिकने रेल प्रेशरचा सेन्सर दोनदा बदलला, दोन दिवस बरी चालली, परत तेच. ऑपरेटर म्हणतो, "तापली काय मरता". आता मेकॅनिक म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला. लाखाच्या वरचा खर्च आहे. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी ईसीएमची ऑर्डर थांबवा. तीन वेगवेगळे सेन्सर एकाच मिनिटाला कसे मरतील? मरत नाहीत, त्या तिघांचं खाणं एकाच ताटातलं आहे आणि ते ताटच कुणीतरी उपडं केलंय. ईसीएम या सेन्सरांना ५ व्होल्ट देतो, आणि बऱ्याच इंजिनांत दोन-तीन सेन्सर मिळून एकच ५ व्होल्टची लाइन असते. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा ती वायर कुठे सोलून बॉडीला टेकली की सगळ्यांचे ५ व्होल्ट बसतात आणि स्क्रीनवर तिघांची नावं येतात. कोड म्हणजे सेन्सर खराब असं नाही, त्या सर्किटमध्ये काहीतरी बिघडलंय एवढंच तो सांगतो. कोडच्या पुढे येणारा छोटा आकडा बघा, तिन्हीकडे ४ असेल तर व्होल्टेज कमी येतंय, म्हणजे माझा संशय पक्का समजा.

आता असं करा. गाडी दोन तास चालवून तो त्रास येऊ दे, मग इंजिन बंद करून फक्त चावी ऑन ठेवा. रेल सेन्सरचा कप्लर (वायरीचा प्लग) काढून त्या प्लगला मल्टिमीटर लावा. तीन पिना असतात, ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. पाचच्या जागी दीड-दोन दिसले तर मीटर तसाच लावून ठेवा आणि बाकीच्या सेन्सरांचे कप्लर एकेक करून काढत जा. ज्याचा कप्लर काढल्यावर मीटर उडी मारून पाचावर येईल तो चोर. सगळे काढले तरी आला नाही तर वायरिंग. मग एकाने मीटरकडे बघायचं आणि दुसऱ्याने हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत जायचं, टर्बोच्या बाजूला, सेल्फच्या वर, ब्लॉकच्या मागे जिथे क्लिप तुटलेली असते तिथे. गरम झाल्यावर वायरचं कातडं मऊ पडतं आणि ब्रॅकेटच्या धारेवर बसतं, म्हणून सकाळी गाडी शहाण्यासारखी वागते. सेन्सर बदलल्यावर दोन दिवस बरी का चालली? तो बदलताना हाताने हार्नेस हलला असणार.

हे सगळं कप्लरवरच करायचं, रेलचे पाइप सैल करायला जाऊ नका, चालू इंजिनात तिथे प्रेशर हजार बारच्या वरही जातं, डिझेल कातडी फाडून आत जातं.

आणि ईसीएमवर खापर फोडायच्या आधी त्याला जेवण मिळतंय का ते बघा. इथे नुसता मीटर फसवतो. वायरच्या आत एकच तार उरली असली तरी मीटर २४ दाखवणार. हेडलाइटचा २४ व्होल्टचा बल्ब घ्या आणि ईसीएमच्या कप्लरला येणाऱ्या बॅटरी प्लस आणि अर्थ वायरीच्या मधे लावा. लख्ख पेटला तर ठीक, मिणमिणला तर प्लस किंवा अर्थ सडलाय. (बल्ब ५ व्होल्टच्या किंवा सिग्नलच्या वायरीला लावलात तर मात्र ईसीएम खरंच घालवाल, मग मला शिव्या देऊ नका.)

आमच्या एका गिऱ्हाइकाची मशीन समुद्राकाठी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या कामाला होती. तिच्या अर्थ वायरीचं कातडं बाहेरून नवंकोरं, ब्लेडने इंचभर सोललं तर आत तांबं नाहीच, हिरवट भुगा. पुढे हातभर सोलत गेलो तेव्हा लाल चकचकीत तार मिळाली. खारी हवा वायरीच्या आतून चढते, म्हणून टेस्टिंगसाठी वायरीत सुई टोचायची सवय सोडा, त्या भोकातूनच ती आत जाते. जोड मारताना चांगलं तांबं लागेपर्यंत कापा, क्रिम्प करून (जोडाची नळी पक्कडीने दाबून) वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा, नुसती पिळून टेप मारली तर पुढच्या पावसाळ्यात परत भेटू. कप्लरची रबर सील जागेवर आहे ना बघा, आणि वॉशिंगवाल्याला कप्लरवर प्रेशर मारू देऊ नका.

प्रश्न : चिपळूणहून विचारतोय, सेकंडहँड पोकलेन बघायला जाताना इलेक्ट्रिकलमध्ये काय बघू?

उत्तर : पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. गरम असेल तर आधीच चालवून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड गाडीत नुसती चावी ऑन करा, सगळे वॉर्निंग दिवे पेटले पाहिजेत आणि इंजिन चालू केल्यावर विझले पाहिजेत, एखादा पेटलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. मग स्क्रीनवर किंवा स्कॅनरवर पाण्याचं, हवेचं आणि डिझेलचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत तिन्ही जवळपास सारखीच असायला हवीत, बाहेर २६ असताना एक ५० दाखवतोय तर तो सेन्सर खोटारडा. इंजिन चालू केल्यावर पाण्याच्या तापमानाचा काटा हळूहळू चढतो का तेही बघा, काही जण सेन्सरच्या जागी साधा रेझिस्टन्स बसवतात, मग काटा दिवसभर एकाच जागी. बॅटऱ्या दोन असतात, इंजिन चालू असताना दोघींवर मिळून साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस व्होल्ट आले पाहिजेत. कोड पुसलेला असू शकतो, म्हणून दोन तास खरं काम करून घ्या, मालक कुरकुरला तरी. कुरकुरला तर जास्तच करून घ्या.

प्रश्न : इंजिन चांगलं तापलंय तरी पाण्याचं तापमान उणे ४० दाखवतं, कोड ११०, पुढे ३. सेन्सर घेऊ का?

उत्तर : आधी कप्लर काढा, चावी ऑन ठेवून त्याच्या दोन पिना छोट्या वायरीने जोडा. स्क्रीनवर तापमान एकदम वर गेलं तर वायरिंग ठीक आहे, खुशाल नवीन सेन्सर घ्या. उणे ४० वरच राहिलं तर वायर कुठेतरी तुटलीय, ती शोधा. सेन्सर खोलायचा तो इंजिन गार झाल्यावरच, नाहीतर उकळतं पाणी अंगावर येईल.