लेक म्हणायलीय क्वांटम फिजिक्स, ट्यूशनवाले म्हणायलेत गणित सोडा

नमस्कार दादा,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. जिंतूरकडं पाच एकर सोयाबीन-तूर, लेक लातूरला रूम करून अकरावीला, नीटची फी भरून झालेली, आणि दिवाळीला घरी आलेलं लेकरू म्हणायलंय की मला डॉक्टर नाही, क्वांटममधली थिअरॉटिकल फिजिसिस्ट, म्हणजे अणू-उजेडासारख्या बारीक गोष्टींचे नियम गणितानं कागदावर मांडणारी, व्हायचंय. तुम्ही विचारलंय हे काम असतं तरी काय, पोट भरतं का, आणि ट्यूशनवाले म्हणायलेत गणित सोडलं की बायोलॉजीला वेळ मिळेल, तर सोडू का.

शेवटचं आधी सांगतो. गणित सोडू नका. नीट द्यायची का नाही ते बारावीला पण ठरवता येतं, पण गणित एकदा सुटलं की थिअरीचा रस्ता जवळपास बंदच, कारण या लोकांचं हत्यारच ते आहे, वही पेन फळा आणि कॉम्प्युटर, बस.

आता काम काय ते. तुम्ही श्रावणात औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जात असाल, त्याच भागात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा होणार आहे, केंद्रानं एप्रिल २०२३ ला २६०० कोटी मंजूर केलेत. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत लेझर सोडायचा आणि लांब कुठं दोन ब्लॅक होल धडकले की त्या लहरींनी नळ्यांतल्या आरशांमधलं अंतर प्रोटॉनपेक्षाही कितीतरी कमी हलतं, ते मोजायचं. पण उजेड सलग धारेनं येत नाही, दाण्यादाण्यानं येतो, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा, अन् त्या तडतडीत खरा सिग्नल बुडून जातो. १९८१ ला कार्लटन केव्हज या थिअरीवाल्यानं कागदावर मांडलं की स्क्वीज्ड लाइट, म्हणजे क्वांटमच्या नियमांत राहून तडतड दाबलेला उजेड, वापरला तर ही तडतड कमी करता येईल, आणि अमेरिकेतल्या लायगोत तो नेमानं वापरायला २०१९ उजाडलं. ३८ वर्षं! तुमच्या लेकीला करायचंय ते हे असलं काम, म्हणून मला तिचं फार कौतुक वाटलं.

रस्ता लांब आहे, ते लपवत नाही. बारावीनंतर आयसर पुण्याला, म्हणजे केंद्राच्या विज्ञान संस्थेत, पाच वर्षांचं बीएस-एमएस, त्यासाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, त्यात फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो चारहीचे १५-१५ प्रश्न, म्हणजे नीटची मेहनत पण वाया जात नाही. नेस्ट ही दुसरी प्रवेश परीक्षा दिली तर भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस, या पण तसल्याच विज्ञान संस्था. नाहीच झालं तर नांदेडला किंवा संभाजीनगरला बीएस्सी करून एमएस्सीच्या प्रवेशाची आयआयटी जॅम परीक्षा देता येते, त्यात कमीपणा काही नाही. मग पाच-सहा वर्षं पीएचडी, नेट-जेआरएफ ही सरकारी फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, नंतर ४२ हजार, वर घरभाडं. म्हणजे एमएस झाल्यावर तुमच्याकडून पैसे मागायची वेळ सहसा येत नाही. पुढं दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, बहुतेकदा परदेशात. कायमच्या जागा कमी आहेत दादा, सगळ्यांना मिळत नाहीत, पण केंद्राच्या नॅशनल क्वांटम मिशनला २०३१ पर्यंत ६००३ कोटी आहेत, कंपन्या पण आता या माणसांना घ्यायलेत, आणि एवढं गणित आणि कोडिंग आलेलं लेकरू घरी बसून राहत नाही.

माझ्याकडं हिंगोलीचा एक मुलगा यायचा, आता पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. परवा फोनवर सांगत होता, एका मायनसच्या चुकीपायी तीन आठवडे गेले, सगळी पानं परत लिहिली, चूक सापडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि आनंदानं झोपच लागेना. असं ज्याला होतं त्यानंच इकडं यावं.

म्हणून एक करा, ती घरी आहे तोवर तिच्या गणिताच्या वह्या बघा. तुम्हाला समजायची गरज नाही, फक्त एकच गणित तीन-चारदा खोडून परत मांडलेलं दिसतंय का तेवढं बघा. तसं पान सापडलं तर फोटो पाठवा, आणि पुढचा मेसेज तिलाच करू द्या, मला तिच्याशी बोलायचंय.